मेघनाद साहांनी निवडणूक लढवायला हवी होती का?

खिडकीतला_बोका

घरात सध्या महाभारत चालू आहे. भाचीने खगोलभौतिकीत पीएचडी केली, तीन वर्षं तासिका तत्त्वावर कॉलेजात शिकवतेय आणि आता म्हणते नगरपरिषदेला अपक्ष उभी राहणार. ताईचा पारा चढलाय. "ताऱ्यांचा अभ्यास केलेली मुलगी गटारांवर भाषणं देणार का?" भाची शांतपणे म्हणाली, "मेघनाद साहा पण लढले होते." मी विचारलं, "कोण, तो विकेटकीपर?" त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

लाज वाटली म्हणून वाचायला बसलो. ढाक्याजवळच्या खेड्यात १८९३ साली जन्म, बापाचं किराणा दुकान. १९२० मध्ये आयनीभवनाचं, म्हणजे अणूतून इलेक्ट्रॉन सुटण्याचं, समीकरण मांडलं तेव्हा वय जेमतेम २७. १९२७ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो. पुढे अलाहाबाद, परत कलकत्ता, नियोजन, धरणं, अणुविज्ञान आणि १९५२ मध्ये थेट लोकसभा, तीही अपक्ष, काँग्रेसच्या लाटेत, वायव्य कलकत्त्यातून. चार वर्षांत गेले.

प्रश्न असा, की २७व्या वर्षी ज्याने ताऱ्यांचं तापमान वाचायची किल्ली दिली, त्या माणसाने उरलेलं आयुष्य समित्या आणि भाषणांत घालवलं, हे नुकसान नाही का? मला तसंच वाटतंय, पण भाचीला सांगायची हिंमत नाही. तुम्ही बोला.

तिरसट

नुकसानच. विषय संपला.

पानवेल

तिरसटराव आले म्हणजे धागा शंभरी गाठणार. खुर्ची घेऊन बसले आहे.

मास्तर_निवृत्त

विषय संपायच्या आधी ते समीकरण काय होतं ते तरी बघू. बोकोबा, तुम्ही एका ओळीत उरकलंत.

सूर्यग्रहणाच्या वेळी सूर्याच्या कडेला वर्णावरण, म्हणजे त्याच्या वातावरणाचा पातळ रंगीत थर, दिसतं. त्याच्या वर्णपटात कॅल्शियमच्या रेषा फार उंचावर दिसत. कॅल्शियमचा अणू हायड्रोजनच्या चाळीस पट जड, मग तो हलक्या हायड्रोजनच्याही वर कसा? आणि रुबिडियम, सिझियम पृथ्वीवर आहेत, सूर्याच्या वर्णपटात मात्र पत्ता नाही. लोकांना वाटे, सूर्यावर ते नसतीलच.

साहांनी सांगितलं, अहो आहेत, पण त्यांचा इलेक्ट्रॉन निघून गेलाय. इलेक्ट्रॉन गमावलेला अणू वेगळ्याच रेषा देतो, तुम्ही जुन्या रेषा शोधताय. किती अणू असे फुटतील हे तापमानावर ठरतं हे समजायला सोपं आहे. खरी गंमत दाबाची. वर्गात मी जत्रेचं उदाहरण द्यायचो. इलेक्ट्रॉन म्हणजे बापाचा हात सुटलेलं पोर. जत्रा दाट असेल तर दहा पावलांवर कुणीतरी काका भेटतो आणि कडेवर घेतो. मोकळ्या माळावर ते पोर एकटंच भटकत राहतं. वर्णावरणात वर वर जावं तशी जत्रा विरळ होते, सुटलेला इलेक्ट्रॉन सुटलेलाच राहतो. उंचावर दिसणाऱ्या त्या रेषा आयनीभूत कॅल्शियमच्या होत्या.

यावरून साहा म्हणाले, सूर्यावरचे डाग तुलनेने थंड, तिथे शोधा, रुबिडियम सापडेल. अमेरिकेत खगोलशास्त्रज्ञ रसेलने डागांचा वर्णपट पाहिला आणि सापडलं. १९२५ मध्ये सेसिलिया पेनने हेच समीकरण वापरून दाखवलं की तारे मुख्यतः हायड्रोजनचे आहेत. त्याआधी समज असा, की ताऱ्यांचा मसाला साधारण पृथ्वीसारखाच.

तिरसट

@मास्तर, जत्रा भारी. पण तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध केलात. असा माणूस पुढे आणखी काय काय करू शकला असता!

रानजाई

"करू शकला असता" हे वाक्य मला नेहमी खटकतं. सैद्धांतिक भौतिकीत विशी-तिशीत मोठं काम करून पुढे तसं न जमलेले कितीतरी जण आहेत, त्यांतले बहुतेक आयुष्यभर विद्यापीठातच होते. त्यांना कुणी विचारत नाही की बाबा तुम्ही राजकारणात का नाही गेलात, निदान तिकडे तरी उपयोग झाला असता.

आणि साहा "गेले" कुठे? ते सुरुवातीपासून तिथेच होते. १९०५ मध्ये, बंगालच्या फाळणीविरुद्धच्या चळवळीत, लेफ्टनंट गव्हर्नर फुलर ढाक्याला शाळेत येणार होता. मुलांनी बहिष्कार घातला, साहांची शिष्यवृत्ती गेली आणि शाळेतून नाव कटलं. वय वर्षं बारा. पुढे क्रांतिकारकांशी संबंध असल्याच्या संशयावरून सरकारी वित्त सेवेच्या परीक्षेला बसू दिलं नाही. म्हणजे राजकारणाने त्यांना प्राध्यापक केलं असंही म्हणता येईल!

कुंपणावरचा

शेवटच्या वाक्याला टाळ्या. त्या परीक्षेला बसू दिलं असतं तर आज "मेघनाद साहा, निवृत्त हिशेबतपासनीस".

चंद्रकोर

जातीबद्दल कुणी बोललं नाही अजून. प्रेसिडेन्सी कॉलेजात असताना ईडन हिंदू हॉस्टेलमध्ये इतर मुलं साहांना पंगतीत बसू देत नसत. वर्गात सत्येंद्रनाथ बोस सोबत, शिकवायला जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय, आणि संध्याकाळी ताट वेगळं. एमएस्सीला बोस पहिले, साहा दुसरे. पुढे दोघांनी मिळून आइन्स्टाइनचे सापेक्षतेवरचे लेख जर्मनमधून इंग्रजीत आणले, १९२० मध्ये कलकत्ता विद्यापीठाने छापले.

ज्याला घरातल्या पंख्याखाली बसून विज्ञान करता येतं, त्याला समाज बाजूला ठेवता येतो. ज्याचं ताट बाजूला ठेवलं गेलं, त्याने समाजाकडे बघूच नये अशी अपेक्षा आपण कोण करणार?

पानवेल

@चंद्रकोर, हे माहीत नव्हतं. वर केलेला विनोद मागे घेते.

अण्णा_डोंबिवली

भौतिकशास्त्रज्ञ आणि राजकारण म्हटलं तर अँजेला मर्केल. पूर्व बर्लिनच्या अकादमीत क्वांटम रसायन, १९८६ मध्ये डॉक्टरेट, भिंत पडली आणि बाई राजकारणात. सोळा वर्षं चान्सलर. त्यांच्याबद्दल कुणी "विज्ञानाचं नुकसान" म्हणत नाही.

तिरसट

कारण त्यांनी तिकडे साहा समीकरण मांडलं नव्हतं.

गच्चीवरून

आपल्याकडेही आहेत की. राजा रामण्णा १९९० मध्ये संरक्षण राज्यमंत्री होते. एम. जी. के. मेनन व्ही. पी. सिंगांच्याच सरकारात विज्ञान राज्यमंत्री. आणि मुरली मनोहर जोशी अलाहाबाद विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. रज्जूभैयाही तिथेच शिकवायचे, पुढे सरसंघचालक झाले. म्हणजे साहांनी १९२३ ते १९३८ जो विभाग उभा केला त्याच विभागातले. पाण्यातच काहीतरी असावं.

कलामभक्त

आणि कलाम साहेब राहिले!

मास्तर_निवृत्त

कलाम वैमानिक अभियंता. अलाहाबादच्या यादीत दौलतसिंह कोठारी घाला, ते साहांचे विद्यार्थी. पांढऱ्या बटू ताऱ्यांवर काम केलं, संरक्षण खात्याचे वैज्ञानिक सल्लागार झाले, नंतर शिक्षण आयोग. आपल्याकडे दहा अधिक दोन अधिक तीन हा साचा आला तो त्या कोठारी आयोगामुळे. निवडणूक न लढवताही धोरणात हात घालता येतो, हे उदाहरण बोकोबांच्या भाचीला दाखवा.

गच्चीवरून

पण जोशी केंद्रात मंत्री असताना विद्यापीठांत ज्योतिष आणायचं जे चाललं होतं, ते साहांनी पाहिलं असतं तर

व्यवस्थापक

गच्चीवरून, तिथेच थांबा. चालू पक्षीय राजकारणासाठी वेगळा विभाग आहे. यापुढचे त्या विषयाचे दोन प्रतिसाद उडवले आहेत.

कुंपणावरचा

उडवलेल्यांत माझा एक होता. चांगला होता हो.

रानजाई

ज्योतिषाचा विषय निघालाच आहे तर साहांनी स्वतः लिहिलेला किस्सा सांगते, यात आजचा कुठलाही पक्ष नाही. ढाक्याच्या एका वकिलाने त्यांना कौतुकाने विचारलं, तुम्ही नक्की काय शोधून काढलंत? साहांनी नव्या उत्साहाने आयनीभवन, ताऱ्यांचे वर्णपट सगळं समजावून सांगितलं. वकीलसाहेब दर दोन मिनिटांनी म्हणत, यात नवीन काय, हे सगळं वेदांत आहे. शेवटी साहांनी विचारलं, नेमकं कुठल्या वेदात, कुठल्या भागात? तर वकीलसाहेब म्हणाले, मी काही वेद वाचलेले नाहीत, पण तुम्ही जे जे नवं म्हणता ते सगळं त्यात असणार याची मला खात्री आहे! मग साहा पुढची वीस वर्षं वेद, पुराणं, ज्योतिषाचे ग्रंथ धुंडाळत राहिले आणि आधुनिक विज्ञान काही सापडलं नाही असं त्यांनी लिहून ठेवलं. थट्टा करायची तर आधी वाचून करायची, ही शिस्त मला आवडते.

दप्तरीनगर_नागपूर

त्या वाचनाचा उपयोग झाला बे! पंचांग! तुम्ही पुण्यामुंबईचे लोक इतका वेळ बोलून राहिले आणि राष्ट्रीय दिनदर्शिकेचं नावच नाही.

१९५२ मध्ये दिनदर्शिका सुधारणा समिती नेमली, अध्यक्ष मेघनाद साहा. सदस्यांत आमच्या नागपूरचे विद्वद्रत्न के. ल. दप्तरी आणि 'केसरी'चे माजी संपादक ज. स. करंदीकर. देशात तेव्हा तीसच्या आसपास वेगवेगळी पंचांगं चालत. एकाच सणाच्या दोन गावांत दोन तारखा. अहवाल १९५५ मध्ये आला आणि २२ मार्च १९५७, म्हणजे १ चैत्र १८७९ पासून सरकारने दिनदर्शिका लागू केली. साहा ते पाहायला नव्हते.

पानवेल

पण चैत्र गुढीपाडव्याला सुरू होतो ना? तो कधी मार्चमध्ये येतो, कधी एप्रिलमध्ये.

दप्तरीनगर_नागपूर

तो चांद्र चैत्र. हा सौर. दर वर्षी २२ मार्चला सुरू, लीप वर्षी २१ ला. वैशाख ते भाद्रपद एकतीस दिवसांचे, आश्विन ते फाल्गुन तिशीचे. चैत्र तिशीचा, लीप वर्षी एकतीस. उन्हाळ्याकडचे महिने मोठे का? कारण जुलैच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून सर्वांत लांब असते, हळू चालते, तेवढा पट्टा पार करायला जास्त दिवस लागतात. म्हणजे पाठ करायला सोपं आणि आकाशाशीही जुळतं.

आणि संक्रांतीचं बघा. आपण म्हणतो १४ जानेवारीला उत्तरायण सुरू. सूर्य तर २२ डिसेंबरच्या सुमारासच उत्तरेकडे वळलेला असतो. संपात, म्हणजे दिवस-रात्र समान होतात तो आकाशातला बिंदू, मागे सरकत गेला, आपण हिशेब जुनाच ठेवला, म्हणून तेवीस दिवसांचा फरक. साहांचं म्हणणं, ऋतूंशी नाळ तुटलेलं पंचांग कशाला सांभाळायचं?

आजोबांचा_नातू

यावर माझ्याकडे घरचा किस्सा आहे. आमचे आजोबा या सौर दिनांकाचे कट्टर. डायरी, पत्रं, दुधाचा हिशेब, सगळीकडे तीच तारीख. एकदा घरपट्टीचा चेक त्यांनी '१२ माघ' असा लिहिला. बँकेतल्या माणसाने चेक काचेखालून परत सरकवला, तारीख चुकीची म्हणून. आजोबांनी खिशातून घडी घातलेलं कात्रण काढलं, रिझर्व्ह बँकेने असे चेक स्वीकारा असं सांगितल्याचं. रांगेत पंधरा माणसं. व्यवस्थापक आला, कात्रण वाचलं, मग हातातला पेन कानामागे लावून म्हणाला, "काका, मुदत मोजायला इंग्रजी तारीख तर लागेलच ना?" आजोबांनी लगेच सांगितली. चेक वटला. घरी येऊन म्हणाले, "साहांनी एवढं केलं, आपण निदान चेक तरी लिहावा."

आजोबा गेले तेव्हा त्यांच्या डायरीतलं शेवटचं पान आम्हाला कुणालाच चटकन लागेना, इंग्रजी तारीख नव्हती ना.

चंद्रकोर

:)
आणि जरा :(

तिरसट

किस्सा छान. पण माझं उत्तर कुणी दिलं नाही. लोकसभेत जाऊन मिळवलं काय? अणुऊर्जेवर भांडले, हरले. भाभांचं चाललं.

मास्तर_निवृत्त

हरले हे खरं. १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग झाला, त्यात भाभा, भटनागर आणि कृष्णन. साहा बाहेर. त्यांचं म्हणणं होतं, आधी विद्यापीठांत माणसं तयार करा, मग आयोग. आणि एवढी गुप्तता कशासाठी? मे १९५४ मध्ये लोकसभेत अणुऊर्जेवर चर्चा झाली तेव्हा त्यांनी हेच मांडलं. ऑगस्टमध्ये अणुऊर्जा विभागच थेट पंतप्रधानांच्या हाताखाली गेला. म्हणजे मुद्दा हरला. पण सभागृहात उभं राहून अणुभट्टीबद्दल सरकारला प्रश्न विचारणारा, ज्याला उत्तर कळतं असा विरोधक आपल्याला किती वेळा मिळाला? दरम्यान कलकत्त्यात त्यांची संस्था उभी राहिलीच होती. १९५० च्या जानेवारीत इरीन जोलिओ-क्यूरी उद्घाटनाला आल्या होत्या. आज ती साहांच्याच नावाने आहे.

शिवाय फाळणीनंतरच्या पूर्व बंगालच्या निर्वासितांचा प्रश्न. त्यांचं स्वतःचं गाव पलीकडे राहिलं होतं. त्यासाठी ते संसदेत आणि बाहेर सतत झगडले.

खोऱ्यातला

मी धरणग्रस्तांमध्ये काम करतो, म्हणून थोडं कडू बोलतो. साहांच्या नियोजनाच्या बाजूचं इथे फक्त कौतुक होईल असं दिसतंय.

१९४३ च्या दामोदरच्या पुरानंतर चौकशी समितीत साहा होते. अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्यासारखं एक महामंडळ करा, हा त्यांचा आग्रह. १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ झालं. मूळ आराखड्यात आठ धरणं, बांधली सुरुवातीला चार: तिलैया, कोनार, मैथन, पंचेत. पूर पुरता थांबला नाही, वीज मात्र बरीचशी कोळशावर करावी लागली. आणि जे आदिवासी उठले, त्यांचा हिशेब त्या वेळच्या कुठल्या शास्त्रज्ञाच्या वहीत नव्हता. गांधींच्या चरख्यावर आणि बैलगाडीवर साहांनी टीका केली, ते सोपं होतं. गांधींचं सगळं पटतं असं नाही, पण "खेड्यातल्या माणसाला विचारा" हे तरी बरोबर होतं.

साहांवर राग नाही. १९१३ चा पूर, १९२२-२३ चा उत्तर बंगालचा पूर, त्यांनी मदतकार्यात डोळ्यांनी पाहिलेलं. माणूस तळमळीचाच. पण शास्त्रज्ञ राजकारणात आला की प्रश्नाला एकच बरोबर उत्तर असतं असं त्याला वाटतं.

रानजाई

@खोऱ्यातला, हा या धाग्यावरचा सगळ्यात चांगला प्रतिसाद. एकच भर घालते. १९३८ मध्ये सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष असताना नियोजन समिती झाली, तिच्यामागे साहांचा रेटा होता. अध्यक्षपद विश्वेश्वरय्यांनी नेहरूंसाठी सोडावं म्हणून साहांनीच त्यांना राजी केलं. का? तर राजकीय वजनाचा माणूस असल्याशिवाय अहवाल कपाटात जातो, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. म्हणजे विज्ञानाचं उत्तर पुरत नाही हे कळत होतं. लोकांचं उत्तर राहिलं, हे तुमचं बरोबर.

तिरसट

ठीक. मी पन्नास टक्के मागे हटतो. मात्र माझं म्हणणं राजकारणाबद्दल नाही, वेळेबद्दल आहे. १९५६ च्या फेब्रुवारीत दिल्लीत नियोजन आयोगाच्या कचेरीकडे चालत जाताना हृदयविकाराने कोसळले. वय ६२. कागद, बैठका, प्रवास, या सगळ्याने माणूस झिजला.

कुंपणावरचा

तिरसट पन्नास टक्के मागे हटला. चौकटीत लावून ठेवा कुणीतरी.

अण्णा_डोंबिवली

निवडणुकीचा खर्च कुठून केला त्यांनी?

मास्तर_निवृत्त

उष्णतेवरचं त्यांचं पाठ्यपुस्तक फार चालायचं, बी. एन. श्रीवास्तवांबरोबर लिहिलेलं. प्रकाशकाला पत्र लिहून पाच हजार रुपये आगाऊ मागितले, कारण काय तर निवडणुकीला उभा राहतोय. पाठ्यपुस्तकाच्या मानधनावर खासदार झालेला माणूस! आमच्या ओळखीतले एक प्राध्यापक गाइड लिहून फक्त फ्लॅट घेऊ शकले.

पानवेल

@मास्तर :D

बोकोबा गायब आहेत. धागा पेटवून पळून गेले.

खिडकीतला_बोका

पळालो नाही, घरात शांतता प्रस्थापित करत होतो.

सगळे प्रतिसाद भाचीला मोठ्याने वाचून दाखवले. जत्रेच्या उदाहरणावर म्हणाली, वर्गात वापरणार. खोऱ्यातला यांचा प्रतिसाद तिने दोनदा वाचायला लावला आणि मग वही काढून प्रभागातल्या झोपडपट्टीतल्या सात बायकांची नावं लिहिली, ज्यांना नळयोजनेचा नकाशा अजून कुणी दाखवलेलाच नाही. तो नकाशा तिने माहितीच्या अधिकारात मिळवलाय. पाइपलाइन टाकीपेक्षा चढावर जाते, पाणी चढणार कसं, हा तिचा पहिला प्रश्न. आठवीचं विज्ञान आहे, म्हणते.

ताईने ते ऐकलं. काही बोलली नाही. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून आवाज आला, "त्या बायकांकडे जाताना दुपारी जा, सकाळी त्या कामावर असतात."

माझ्या मूळ प्रश्नाचं म्हणाल तर मी आता तिरसटांबरोबर पन्नास टक्क्यांवर बसलोय.

अर्ज आज भरला. पावतीवर तिने हट्टाने राष्ट्रीय दिनांकही लिहून घेतला: २३ कार्तिक १९४७.

आजोबांचा_नातू

आजोबा असते तर मत द्यायला तुमच्या गावी येऊन राहिले असते.

दप्तरीनगर_नागपूर

२३ कार्तिक म्हणजे १४ नोव्हेंबर. साहांचं नाव घेऊन लढून राहिली आणि अर्ज नेहरूंच्या वाढदिवशी!

कुंपणावरचा

चिन्ह काय मागितलंय? दुर्बीण?

खिडकीतला_बोका

नळ.